चिपाडाचा कोळसा, औषधाची विहीर

गावाचं नाव मी सांगणार नाही. निघताना सरपंचबाईंनी तेवढं एकच मागितलं. "आवं, पाण्यात औषध हाय म्हणून चार ठिकाणी कळलं, तर आमच्या गावात पोरी कोण देईल?" तेव्हा कडेगाव तालुक्यातलं एक गाव, एवढ्यावर वाचकांनी भागवावं. बाकी काही लपवत नाही. माझ्या फजितीसुद्धा.

मी चिपळूणची. सव्वीस वर्षं औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. गोळीत असायला हवं तेवढं औषध आहे की नाही हे तपासायचं, आणि सही करायची. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, सिंगापूरला जातात. मी फेब्रुवारीत चार दिवस घाटावर एका विहिरीचं पाणी तपासायला गेले. "हौस म्हणायची की खाज?" असं धाकट्या बहिणीनं विचारलं. दोन्ही असावं.

बोलावलं रोहिणीनं. ही एकेकाळी माझ्या हाताखाली होती, आता कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं फोनवर जे सांगितलं ते असं: त्या गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, गोळ्या बनवणारा एक लहानसा कारखाना होता. आता बंद पडलाय. चालू होता तेव्हा भांडी-यंत्रं धुतलेलं पाणी मागच्या शोषखड्ड्यात सोडत. ते झिरपत झिरपत खालच्या विहिरीत उतरलं, गावाला आणि शाळेला प्यायला तिचंच पाणी. विहिरीत दोन औषधं सापडली, एक दुखणं थांबवणारं आणि एक जंतू मारणारं. प्रमाण अगदी थोडं. घागरभर प्यायल्यानं कुणी मरणार नाही. पण रोज, वर्षानुवर्षं, शाळेतल्या पोरांनी नको असलेलं औषध का प्यावं? आणि जंतूंना रोज चिमूटभर औषध मिळालं की ते मरत नाहीत, निर्ढावतात. मग खरंच दुखण्याला गोळी घ्यावी तर ती लागू पडत नाही.

वर्षभर ती विहीर प्यायला बंद होती. बायका दीड मैलावरून पाणी आणत होत्या. रोहिणीनं उसाच्या चिपाडाचा, म्हणजे रस काढल्यावर राहतो त्या चोथ्याचा, कोळसा केला, विहिरीवर टाकी बांधली आणि पाणी त्या कोळशातून गाळायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा नळ सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. शुक्रवारी ग्रामसभा होती. पाणी स्वच्छ ठरलं तर विहीर गावाची, नाहीतर तिच्यावर कायमचा स्लॅब.

"मग मी कशाला?" मी विचारलं.

"ताई, त्यांचं म्हणणं, टाकी माझी, तपासणी माझी. आपला तो बाब्या! त्यांना तिऱ्हाईत माणूस हवंय."

मंगळवार, कराड

कुंभार्ली घाटाचं वर्णन करत नाही. एसटीत शेजारच्या बाईला उलट्या होत होत्या आणि माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

कराडला उतरले तर ऊन असं की आमच्याकडे एप्रिलातही नसतं. कोरडं, चटका देणारं. रोहिणी स्टँडवर आली होती. तिला बघून मी दचकलेच. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. आधी जेवू म्हणाली. कराडकडे आलात की अख्खा मसूर खायचा असा दंडक आहे. तो आला, वर तेलाची तांबडी तर्री, सोबत गरम रोटी आणि कांदा. मी मासे खाणारी बाई, डाळीला मी पथ्याचं जेवण समजते, पण त्या मसुरानं माझी बोलती बंद केली. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं. रोहिणीनं मात्र रोटीचा एकच तुकडा मोडला आणि तो ताटात फिरवत बसली.

संध्याकाळी संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात. लोक भेळ खात होते, पोरं पाण्यात खडे मारत होती. रोहिणी म्हणाली, "नळ सुरू झाला त्या पहिल्या तीन दिवसांत मी तीनदा तपासलं. तिन्ही निकाल चांगले आले. गाळलेल्या पाण्यात औषध दिसलंच नाही. नंतर परीक्षेचं काम लागलं, जायला जमलं नाही."

"मग घाबरतेस कशाला?"

"चांगले आहेत म्हणूनच घाबरते. मला ते चांगले यायलाच हवे होते ना, ताई."

हे मला पटलं. ज्याला निकाल हवा असतो त्यानं तो मोजू नये, हे तिला मीच शिकवलं होतं. आम्ही ठरवलं की उद्या पाणी मी भरायचं, बाटल्यांवर नुसते आकडे घालायचे, आणि कुठल्या आकड्याला कुठलं पाणी हे फक्त माझ्या वहीत राहील. यंत्र रोहिणी चालवेल, पण आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं.

बुधवार, विहीर आणि गुऱ्हाळ

कडेगावच्या रस्त्याला लागलो आणि आकाशातून काळे धागे पडायला लागले. तोडलेल्या उसाचं पाचट शेतातच पेटवून देतात, त्याची राख. माझ्या पांढऱ्या ओढणीवर एक धागा पडला, झटकायला गेले तर पार काळी रेघ. मी तोंडाचा पट्टा सोडला. एवढं सोन्यासारखं पाचट जाळतात, अक्कल आहे का, वगैरे. रोहिणी शांतपणे म्हणाली, "आणि तुमच्याकडे भाजावळीला काय करतात?" आमच्या कोकणातही पावसाआधी पालापाचोळा अंथरून जमीन भाजतात आणि त्याला आम्ही परंपरा म्हणतो.

विहिरीवर सुभेदार उभेच होते. फौजेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, मिशी पांढरी आणि पाठ ताठ. त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं लेट, म्याडम." विहीर त्यांची. फौजेतून आल्यावर काळा पाषाण फोडून खणलेली, आईच्या नावानं गावाला दिलेली. आमच्याकडच्या जांभ्याच्या विहिरी तांबड्या, शेवाळलेल्या. ही काळीकुळकुळीत आणि कोरून काढल्यासारखी चौकोनी. मे महिन्यातही हिचं पाणी हटत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग नळाखाली तांब्या धरला, माझ्या डोळ्यांत डोळे घालून सगळा प्यायले आणि तोंड पुसलं.

सरपंचबाई शाळेकडून चालत आल्या. पस्तिशीच्या, पदर खोचलेला. "माझी दोनी पोरं ह्याच शाळंत हायती," त्या म्हणाल्या. "मला ग्वाड बोलून सांगू नका. जे हाय त्ये सांगा. विहीर बुजवायला मला काय हौस न्हाई, पर पोरांपुढं विहीर मोठी न्हाई."

सुभेदारांनी मान फिरवली. दोघांत या विषयावर बरंच होऊन गेलेलं दिसत होतं.

टाकी साधीच. विहिरीचं पाणी पंपानं वर चढतं, आधी बाजूच्या कप्प्यातल्या वाळूतून, मग कंबरभर कोळशाच्या थरातून उतरतं आणि खाली नळाला येतं. मी विहिरीतलं पाणी तीन बाटल्यांत घेतलं, नळाचं तीन बाटल्यांत. आकडे घातले, बर्फात ठेवल्या. नळाला धार बेतानं यायला हवी होती, तशीच होती. पाणी नितळ होतं. डोळ्यांना नितळ दिसण्यावर आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

मग कोळसा कुठं होतो ते पाहायला गुऱ्हाळावर गेलो. गुळाची ती भली मोठी कढई, काहील म्हणतात तिला, रटरटत होती. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. सगळा कारभार दगडूमामांच्या हातात. हे इथले गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस. काटकुळे, भुवया जळून गेलेल्या, आवाज इतका हळू की जवळ जावं लागतं. रस उकळायला लागला की ते त्यात ठेचलेल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घालतात. त्यासरशी रसातली सगळी घाण फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. कोळशाची तऱ्हाही त्यांनीच बसवलेली. चिपाड लोखंडी पिंपात गच्च भरून, झाकण लावून, एक भोक ठेवून पिंप चुलवाणात सरकवायचं. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग पिवळा, मग निळी ज्योत.

"ज्योत इझली की वढायचं," मामा म्हणाले. "लवकर वढलं तर चिपाडच ऱ्हातं, उशीर केला तर राख. रोहिणीबाईंचं मीटर हाय, पर त्ये बी माझ्याच डोळ्यावर चालतंय." आणि लाजून हसले. रोहिणीही त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

"आमी रसातली मळी काढतो, बाई पाण्यातली काढत्यात. कामाला काम येकच," असं म्हणून त्यांनी मला पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. शेंगदाण्याबरोबर. बोटं भाजली, जीभ भाजली, तरी दुसरा घास मागितला. आमच्याकडे दारी आलेल्याला गूळ-पाणी देतात, पण तो गूळ डब्यातला, मुंग्या झटकून काढलेला. हा गूळ वेगळाच प्राणी होता.

गुरुवार

सकाळी नऊला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी समोरासमोर बसलो. यंत्रानं काढलेला कागद रोहिणीच्या हातात, वही माझ्या हातात. ती आकडा वाचायची, मी वहीत बघायचे.

एक नंबर, विहिरीचं. दोन नंबर, नळाचं.

मी तिला दोन नंबर पुन्हा वाचायला सांगितला. तिनं वाचला. मग चार, मग सहा. नळाच्या तिन्ही बाटल्यांत औषध होतं. विहिरीपेक्षा जरा कमी, पण होतंच. दोन्ही औषधं. टाकीतून गेल्यानं फारसा फरकच पडला नव्हता.

रोहिणी कागदाकडे बघत राहिली. आणि तेव्हा मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, "ते पहिले तीन निकाल तू नक्की मोजले होतेस ना?"

तिनं वर पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि म्हणाली, "चला." कडेगावपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात स्वतःला शिव्या देत होते. त्याच वेळी, हेही सांगायला हवं, मनाचा एक कोपरा म्हणत होता की पोरीनं केलं असेल तर?

टाकीवर पोचलो. वरचं सिमेंटचं झाकण दोघींनी मिळून सरकवलं आणि आंबूस भपका आला. रस उघडा राहून आंबला की येतो तसा. कोळशाचा थर वरून चकाकत होता. मी हात घातला तर बोटांना तार सुटली. सगळा थर चिकट गोळा झालेला, आणि कडेनं, भिंत आणि कोळसा यांच्यामधून, पाण्यानं स्वतःला वाट करून घेतलेली. पाणी कोळशातून जातच नव्हतं. बगल देऊन खाली पळत होतं.

"हे कशानं?" रोहिणी म्हणाली. "साबण? कुणी भांडी धुतली?"

तेवढ्यात दगडूमामा आले. पायात वहाणा नाहीत, ओंजळीत पळसाचं पान. आम्हाला बघून त्यांनी मान लववली, वहाणा नसलेल्या पायांवर पाणी घेतलं, दोन पायऱ्या चढले आणि पानातला लिंबाएवढा गुळाचा खडा आमच्या डोळ्यांदेखत टाकीत सोडला. हात जोडले.

मी बुडणाऱ्या खड्याकडे बघत होते. रोहिणीच म्हणाली, "मामा, हे काय?"

"निवद," मामा म्हणाले, यात विचारण्यासारखं काय, अशा सुरात. "प्रत्येक काहिलीचा पयला खडा आमी चुलवाणाला देतो. अग्नीचा मान. हा कोळसा आपल्या चुलवाणातनं आलेला. मग अग्नी हितं बी आलाच न्हव का? पयल्या दिवसापासनं टाकतोय, झाकणाच्या भोकातनं. काहील उतरली की येक."

दिवसाला चार काहिली. नऊ दिवस. मी मनात हिशेब केला आणि पायरीवर बसले. कोळशाला औषध काय आणि गुळाचा रंग काय, भेदभाव नसतो, जो आधी येईल त्याला तो धरून बसतो. साखर पांढरी करायला कोळसा वापरतात ते याचसाठी. आणि उरलेल्या गोडावर जंतूंची जत्रा भरते. त्या नऊ दिवसांत मामांनी भक्तिभावानं आमच्या टाकीत गुळाची फॅक्टरीच उघडली होती.

रोहिणीनं गावात बैठक घेऊन सगळ्यांना बजावलं होतं: साबण नको, कपडे नको, फवारणीचा पंप इथे धुवायचा नाही. गुळाचं तिला सुचलंच नव्हतं. सुचणार तरी कसं? इतकी वर्षं कराडात राहिलेल्या बाईला नाही, मला तर नाहीच नाही. आम्ही कोकणात नव्या विहिरीला नारळ देतो, तो बिचारा तरंगत राहतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"काय चुकलं का?" मामांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरायला लागला होता.

"नाही मामा," रोहिणी घाईनं म्हणाली. "आम्ही बघतो काय ते. आणि आता काही टाकू नका."

ते गेल्यावर मी तिची माफी मागितली. तिनं नुसती मान हलवली. वेळ नव्हता.

गुऱ्हाळावर एका भरतीपुरता कोळसा पोत्यांत शिल्लक होता. सुभेदारांनी शेजारचे चार गडी आणले आणि टाकी रिकामी करायला घेतली. मी विहिरीवर पाणी शेंदून नवा कोळसा धुवत होते, तेवढ्यात पाहिलं तर गडी जुना कोळसा घमेल्यात भरून उसाकडे निघालेले. काळं दिसलं की शेतकऱ्याला खत दिसतं. मी धावले, ओरडले, घसरले, गुडघा फोडून घेतला. "अरे, ह्यात ते औषध धरून बसलंय! शेतात टाकलंत तर पावसात परत खालीच जाणार!" शेवटी तो सगळा चिकट कोळसा चौदा पोत्यांत भरून सुभेदारांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवला.

नवा थर बसला तेव्हा ऊन कललं होतं. सुभेदारांच्या घरी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला होता. कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते घडलं.

"म्याडम," सुभेदार म्हणाले, "टाकी आता ठीक हाय ना?"

"असायला हवी. पण तपासल्याशिवाय नाही सांगता यायचं. आणि एका दिवसाच्या तपासणीवरही नाही. आठ दिवस चालायला हवी."

"सभा उद्या हाय. आठ दिवस कोण थांबतंय? येकदा ठराव झाला की स्लॅब पडला म्हणून समजा." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आईच्या नावाची विहीर हाय, म्याडम. उद्या तुमी निस्तं 'व्हय' म्हणा. खोटं कुठं हाय? आठ दिसांनी त्ये खरंच हुणार हाय."

मी रोहिणीकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती. "पहिले तीन निकाल चांगलेच आले होते, ताई," ती हळूच म्हणाली. "नवा कोळसा तोच आहे. आणि काहीही झालं तरी मामांचं नाव घेऊ नका. चूक माझी म्हणून सांगा."

खरं सांगते, मी 'व्हय' म्हणायच्या अगदी काठावर आले होते. सव्वीस वर्षं सह्या केलेला हात आहे हा. एक सही आणखी केली तर काय बिघडलं, असं त्याला सहज वाटतं.

शुक्रवार, ग्रामसभा

शाळेच्या पटांगणात सभा. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका व्हरांड्यात दाटीवाटीनं. सरपंचबाईंनी वहीवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "चिपळूणच्या बाई सांगतील त्ये ऐका. मधी कुणी बोलू नका."

मी उभी राहिले. समोर पहिल्या रांगेत सुभेदार, गुडघ्यावर हात ठेवून. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की बुधवारी मी स्वतः पाणी घेतलं, आणि नळाच्या पाण्यात औषध होतं. टाकी नीट चालत नव्हती. काल ती दुरुस्त केली. आता चालेल असं मला वाटतं, पण वाटण्यावर मी सही करणार नाही.

सुभेदारांनी डोळे मिटले.

"म्हंजे नऊ दिवस पोरांनी त्येच पाणी प्यायलं?" सरपंचबाईंनी विचारलं.

"पहिले तीन दिवस सोडले तर, हो."

मग काय विचारता! सगळेच एकदम बोलायला लागले. व्हरांड्यातून एक बाई ओरडली, "आमी दीड मैलावरनं आणत हुतो त्ये काय वाईट हुतं?" मागून कुणी म्हणालं, "कोळशानं कुटं पाणी साफ हुतंय व्हय, काळंच हुतंय." रोहिणी उठून उभी राहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी नंतर आलेच नाही."

"न्हाई न्हाई, म्याडम," एकजण हात वर करून म्हणाला, "टाकीला झालं काय त्ये सांगा. बिघडली कशानं? कुणी बिघडवली?"

मी म्हणाले की वरून काहीतरी पडत होतं आणि कोळसा चिकट झाला.

"काय पडत हुतं?"

मी हातातली वही उघडून मिटली. मागच्या रांगेत दगडूमामा बसले होते. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, पण न बघणंही दिसतंच. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला असावा, कारण शेजारचा माणूस त्यांच्याकडे वळला आणि मग सगळेच वळले. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"गूळ," ते म्हणाले. "गूळ म्या टाकला."

एवढ्या हळू बोलले की पुढच्यांना ऐकू गेलं नाही, मागच्यांनी पुढे सांगितलं. सुभेदार ताडकन उभे राहिले. "मामा! माझ्या विहिरीवर? आरं, आईच्या विहिरीवर?" ते सतरंजी तुडवत मागे निघाले. मला वाटलं, आता काहीतरी भलतंच होणार.

"मान म्हणून टाकला," मामा म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाई. काल इचारलं तर बाई म्हणाल्या, काय न्हाई. सांगायला पायजे हुतं, बाई. पोरं पीत हुती." रोहिणीनं मान खाली घातली. हा बोल तिला एकटीला नव्हता, मलाही होता. मामांना वाचवायला म्हणून आम्ही त्यांनाच आंधळं ठेवलं होतं.

सरपंचबाईंनी सगळ्यांना बसवलं. त्यांना एकच विचारायचं होतं: आठ दिवसांनी पक्कं सांगता येईल का? मी म्हणाले, येईल. पाणी त्यांनीच भरावं, आकडे त्यांनीच घालावेत, वही त्यांच्याकडेच ठेवावी. तोवर टाकी चालू ठेवून पाणी परत विहिरीत सोडायचं आणि प्यायच्या नळाला कुलूप. हात वर झाले. स्लॅबचा ठराव आठ दिवस पुढे गेला, फक्त आठ दिवस. "आणि टाकीवर ध्यान कोण ठिवणार?" सरपंचबाईंनी विचारलं. मग त्यांनी कुलपाची किल्ली उचलली आणि मागच्या रांगेपर्यंत चालत जाऊन दगडूमामांच्या हातात दिली. "आता तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून कोण बगणार?"

मामांनी किल्ली घेतली, पण बसले नाहीत.

"येक इचारू का, म्याडम?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नवा कोळसा बी कवातरी भरणार. व्हय ना?"

"हो. निदान वरचा थर दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागेल."

"मग त्यातलं औषध त्यातच ऱ्हाणार. त्यो कोळसा टाकायचा कुटं? शेतात नको म्हणालात. आमच्या चुलवाणात मी घालणार न्हाई, वर गूळ शिजतोय. वढ्यात न्हाई, माळावर न्हाई. मग कुटं?"

सभा माझ्याकडे बघत होती. रोहिणीही. पुस्तकातली उत्तरं मला येत होती. बंद भट्टीत, अमुक इतक्या उष्णतेला, धुराची नीट व्यवस्था करून. अशी भट्टी त्या गावापासून किती कोसांवर आहे हे मला माहीत नव्हतं, आणि असली तरी ती चौदा पोत्यांसाठी कोण पेटवणार?

"मला माहीत नाही," मी म्हणाले. मग का कुणास ठाऊक, सगळंच बोलून गेले. आमच्या प्रयोगशाळेत तपासून उरलेलं औषध आम्ही रोज बेसिनमध्ये ओतायचो. सव्वीस वर्षं. वर नळ सोडायचा, हात धुवायचे, घरी जायचं. ते पुढे कुठे जातं हे मी कधी विचारलं नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी तुमच्या माळावर ओतलं असेल.

सुभेदार खाली बघत होते. सरपंचबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सभा संपली.

शनिवारी मी चिपळूणला परतले. आठवडा मला जेवण गेलं नाही, आणि बहिणीनं तोंडसुख घेतलं ते वेगळंच. नवव्या दिवशी रोहिणीचा फोन आला. वहीतले आकडे सरपंचबाईंनी शाळेत सगळ्यांसमोर वाचले होते. नळाच्या पाण्यात दोन्ही औषधं दिसली नाहीत. एकाही बाटलीत नाही. रोहिणी रडत होती आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून "शाब्बास गं, शाब्बास," एवढंच म्हणत राहिले. सुभेदारांनी पेढे वाटले. विहीर उघडीच राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज इतका हळू की मी रेडिओ बंद केला.

"बाई, दगडू बोलतोय. पाणी झ्याक चाललंय. पोरं पित्यात. पर त्या चौदा पोत्यांचं काय?"

मी म्हणाले, शोधतेय. खरंच शोधत होते. सरकारी कचेरीत फोन केला, दोन भट्टीवाल्यांना केला, माझ्या जुन्या साहेबांनाही केला. साहेब हसले. म्हणाले, "चौदा पोती? टाका हो कुठेतरी."

आता तीन महिने झाले. पोती सतरा झालीत, कारण टाकीतला वरचा थर मध्ये एकदा बदलला. सुभेदारांच्या गोठ्याशेजारच्या त्या गळक्या खोलीत ती रचून ठेवलीत आणि मामा त्यांच्यावर ताडपत्री घालून आहेत. दर शनिवारी न चुकता त्यांचा फोन येतो, रागावत नाहीत, घाई करत नाहीत, तेवढाच एक प्रश्न विचारतात आणि मी तेवढंच एक उत्तर देते. पाऊस तोंडावर आलाय, आणि शनिवार उजाडला की मला फोनची भीती वाटते.